टाळ्या आणि हशा

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळणाऱ्यांस एक गोष्ट पदोपदी आढळते. एखाद्याचे व्याख्यान सविस्तर छापले असले म्हणजे मधून मधून कंसात ‘टाळ्या’ किंवा ‘हशा’ असा शब्द घातलेला असतो. बातमीदार बिचारा आपले काम इमानाने करी. परंतु त्या एका शब्दावरून हशाची जात कळत नाही. वक्त्याच्या विनोदास मिळालेला हशा आणि खुद्द वक्त्यासच मिळालेला हशा हे दोन्ही कंसात सारखेच दिसतात. टाळ्यांचीही तीच गोष्ट. वक्त्यास उत्तेजन यावे म्हणून टाळ्या पडतात, तशाच त्याने आता खाली बसावे म्हणूनही पडतात. हैदराबादेस १९२१ साली भरलेल्या एका परिषदेतील टाळ्या ह्या दुसऱ्या जातीच्या होत्या, आणि त्यांचा आवाज त्या संस्थानात पुढे कित्येक वर्षे घुमत राहिला. त्या सभेची हकीकत सांगावी हाच ह्या लेखाचा मुख्य हेतू आहे. ती आपणा मराठी माणसांस फारशी सुखाची नाही, आणि म्हणूनच ती दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी.

तिची आठवण मला होण्याचे कारण मात्र अगदी अलीकडचे आहे. आमच्या भागातील एका महाविद्यालयात बोलीभाषांवर चर्चासत्र भरले होते. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे तेथे घडले ते कोठेही घडू शकते. दुपारच्या जेवणानंतरची बैठक होती, म्हणजे ज्या बैठकीत नवशिक्यांस घालण्याचा आयोजकांचा प्रघात आहे ती. लमाणी तांड्यातील एक तरुण संशोधक निबंध वाचावयास उभा राहिला. आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली चारपाच वाक्ये त्याने आरंभी गोरबोलीत म्हटली. त्यांचाच अर्थ तो मागाहून मराठीत उलगडणार होता. दुसऱ्या वाक्यासच मागील रांगेत कोणी खुदकन हसले. मग पुढल्या रांगेत. मग कोणी टाळी वाजविली. अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ स्वभावाने सज्जन होते, पण त्यांनीही हसत हसत ‘आता मराठीत येऊ द्या’ असे म्हटले, आणि मग सारे सभागृह मोकळेपणाने हसले. त्या तरुणाने कागद तोंडासमोर धरला तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही. पंधरा मिनिटांचा निबंध त्याने सात मिनिटांत उरकला. हसणाऱ्यांत मीही होतो.

हे मी कबूल करितो ते नम्रतेचा आव आणण्यासाठी नव्हे. त्या हसण्यात माझ्या मनी दुष्टावा नव्हता, आणि बहुधा कोणाच्याच नव्हता. शेजाऱ्याची जांभई पाहून जांभई यावी तसे ते हसू आले. पण संध्याकाळी परतताना तो तरुण एस.टी.मध्ये माझ्या पुढल्याच बाकावर होता. डोंगरकडा आले आणि मी उतरण्यासाठी उठलो, तेव्हा त्याने मागे वळून विचारले, ‘सर, तुम्ही डोंगरकड्याचे का?’ मी हो म्हटले. ‘मीही इकडलाच,’ एवढेच बोलून तो खिडकीबाहेर, अंधारात बुडत चाललेल्या केळीच्या मळ्यांकडे पाहू लागला. घरी आल्यावर मला जेवण गोड लागले नाही, हे सांगावयास नकोच.

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमचे हे डोंगरकडा गाव कळमनुरी तालुक्यातले. ज्या हिंगोली जिल्ह्यात आज ते आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, आणि सभेत कोणी पुढे बसावे व कोणी मागे जावे ह्या प्रश्नावरील महाराष्ट्रातील सर्वांत जुनी व सर्वांत सुंदर कथा त्याच देवालयाशी निगडित आहे. नामदेव महाराज देवासमोर कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांस त्यांची अडचण वाटली. त्यांनी ह्या शिंप्यास देवळाच्या पाठीमागे जावयास सांगितले. नामदेव तक्रार न करिता मागे गेले व तेथे कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपले तोंड त्यांच्याकडे केले. नागनाथाचा नंदी देवळाच्या मागल्या अंगास का, ह्याचे उत्तर म्हणून आजही ही कथा यात्रेकरूंस सांगण्यात येते. इतिहासाच्या सहाणेवर ती घासण्याचे कारण नाही. शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची म्हणून जी ६१ पदे आहेत त्यांतही हीन जातीचा म्हणून हाकलून दिल्याचा व देऊळ फिरल्याचा प्रसंग आलेला आहे. म्हणजे कथा फार जुनी आहे आणि ती पंजाबापर्यंत पोचली एवढे निश्चित. मला त्या कथेत विशेष वाटते ते हे की, तीत नामदेवांस पुढे आणून बसविलेले नाही. ज्या बाजूस त्यांस लोटले तीच बाजू पुढली झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबादच्या हकीकतीत ती पुन्हा उपयोगी पडेल.

अलीकडे विद्वत्परिषदांच्या निमंत्रणाबरोबर वर्तणुकीचे नियम पाठविण्याची चाल पडली आहे. बोलणाऱ्यास मध्येच तोडू नये, कोणाच्या जातीवर, धर्मावर, उच्चारांवर किंवा शरीरावर शेरा मारू नये, स्त्रियांशी सलगी करू नये, ज्याचे नाव जसे असेल तसे ते उच्चारावे, अशा प्रकारची ती कलमे असतात. आमच्या पिढीतील पुष्कळांस ती विलायती थेरे वाटतात. माझ्या एका वृद्ध स्नेह्यांनी असा कागद पाहून, ‘आता सभेत बसावे कसे हेही शिकावयाचे का?’ असा सवाल केला होता. परंतु ही शिकवण आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या परिषदांविषयी जे विवेचन आहे ते ज्याने वाचले असेल त्यास हे कागद ओळखीचे वाटतील. चरकाने संभाषेचे दोन प्रकार केले आहेत: एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने केलेली चर्चा, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेला झगडा. पहिलीत मोकळेपणाने विचारावे, मोकळेपणाने सांगावे, हरण्याची भीती बाळगू नये आणि दुसऱ्यास हरविले म्हणून हर्ष मानू नये, असे तो सांगतो. आणि दुसरीत? दुसरीत काय करावे हे तो अशा रोखठोकपणे सांगतो की वाचणारा दचकतो. ज्याचे पाठांतर कमी त्यास लांबलचक सूत्रे म्हणून दडपावे; ज्याच्या बोलण्यात जोर नाही त्याचे वाक्य अर्ध्यावरच तोडावे; जो सभेस सरावलेला नाही त्यास लाज वाटेल असे करावे; जो भित्रा त्यास भेडसावावे. हा उपदेश वाचून कोणी चरकास दोष देईल. मला तर त्याचा प्रामाणिकपणा आवडतो. सभांत काय चालते हे त्याने पाहिले होते, आणि त्या कृत्यांस त्याने झगड्याच्या खात्यात घातले, ज्ञानाच्या नव्हे. आम्ही त्या दिवशी चर्चासत्राची पाटी लावून विगृह्य संभाषा केली, आणि तीही ज्याच्याशी काही झगडा नव्हता अशा माणसाशी.

आधुनिक महाराष्ट्रातील सभांचा इतिहास पाहू जाता त्यात मानापमानाचे प्रकरण बरेच मोठे निघते. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ च्या मे महिन्यात पुण्यास न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि दुसरी १८८५ साली पुण्यासच. दुसऱ्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुले ह्यांस धाडिले होते. ह्या दोघांत वैर होते अशी जी समजूत आहे ती खरी नव्हे. १८७५ साली दयानंद सरस्वतींच्या पुण्यातील मिरवणुकीत हे दोघेही सामील झाले होते, आणि ती मिरवणूक काही फुले उधळून पार पडलेली नव्हती. तरीही जोतीरावांनी १८८५ चे निमंत्रण नाकारिले, आणि त्याची कारणे सांगणारे त्यांचे पत्र त्याच वर्षी ११ जूनच्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. पत्राची भाषा तिखट आहे. मतितार्थ एवढाच की, जे लोक सर्व माणसांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके जुळणार नाहीत. शूद्रातिशूद्रांस काय सोसावे लागते ते त्यांस ठाऊक नाही. तेव्हा आमचे आम्ही पाहून घेऊ. रानड्यांनी बोलाविले होते हे त्यांस भूषणावह आहे. पण आमंत्रण दिले म्हणजे आतिथ्य झाले असे नव्हे. बसावयास जागा दिली, परंतु जेथे जाऊन बसावयाचे तेथील बोलणे जर आपल्या गैरहजेरीतच ठरलेले असेल, तर त्या जागेचा उपयोग काय, असा जोतीरावांचा प्रश्न होता.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न याहूनही साधा, म्हणजे निव्वळ आवाजाचा होता. १८८९ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन मुंबईस भरले. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही १८८९ च भरली, हा एक गमतीचा योगायोग अनेकांनी नमूद केला आहे. त्या प्रतिनिधींत सुमारे दहा स्त्रिया होत्या, आणि त्यांत पंडिता रमाबाई होत्या. अकरा वर्षांपूर्वी, १८७८ साली, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या संस्कृत वक्तृत्वाने थक्क होऊन ‘सरस्वती’ ही पदवी त्यांस दिलेली होती. तेव्हा सभेचे भय त्यांस असण्याचे कारण नव्हते. राष्ट्रसभेच्या जोडीने भरणाऱ्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर त्या बोलावयास उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक ही वस्तू तेव्हा नव्हती. श्रोते हजारोंनी. आवाज पोचेना, गडबड होऊ लागली. त्यांचे चरित्रकार सांगतात की रमाबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की, माझा आवाज लहान आहे ह्याचे आश्चर्य वाटून घेऊ नका, कारण तो मोठा करण्याची संधी तुम्ही स्त्रीस कधी दिलीच नाही. त्यानंतर सभा शांत झाली. ज्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचा आरंभ १८७८ मध्ये झाला, तिच्या वंशातील साहित्यसंमेलनास पहिल्या स्त्री अध्यक्षा मिळाल्या त्या १९६१ साली, ग्वाल्हेरीस, कुसुमावती देशपांडे ह्यांच्या रूपाने. मधली त्र्याऐंशी वर्षे वाचकांनीच मोजून पाहावीत. आणि १८९५ साली पुण्याच्या राष्ट्रसभेच्या वेळी सामाजिक परिषदेस तो मंडपही मिळू नये म्हणून केवढे रण माजले, व शेवटी रानड्यांनी पड घेऊन परिषद निराळ्या जागी कशी भरविली, ते सर्वश्रुतच आहे.

असो. ह्या साऱ्या प्रकरणांत मराठी समाज आपल्याच माणसांशी भांडत होता. हैदराबादची गोष्ट निराळी. तेथे आपण दुसऱ्याशी कसे वागलो हा प्रश्न आहे.

निजामाचे राज्य चार भाषांचे. लोकसंख्येपैकी निम्म्याच्या आसपास लोकांची भाषा तेलुगू, पाव हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी व उर्दू. राजभाषा मात्र उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. आमच्याकडील म्हाताऱ्यांपैकी जे शाळेत गेले होते त्यांस मोडी आणि उर्दू दोन्ही येत, पण देवनागरीत चार ओळी लिहिताना अडखळावयास होई, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. अशा राज्यात सार्वजनिक जीवनाचा आरंभ प्रथम मराठी वकीलमंडळींत झाला. पुण्यामुंबईची वर्तमानपत्रे त्यांच्या घरी येत. तेथील चळवळींचे वारे मराठवाड्यातून राजधानीत जाई. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही त्या काळची ठळक नावे. विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था ह्याच मंडळींच्या उद्योगातून उभी राहिली, आणि हैदराबादेत एखादी सभा भरवावयाची तर तिचे नाट्यगृह हे हक्काचे स्थान होऊन बसले. तेलुगू भाषिक पुढाऱ्यांची स्थिती चमत्कारिक होती. संख्येने ते अधिक. पण कचेरीत उर्दू, सभेत इंग्रजी किंवा उर्दू, आणि घरी तेलुगू, असा त्यांचा दिनक्रम. आपली भाषा चारचौघांत बोलण्याचा त्यांसच संकोच वाटे, असे त्यांच्यातील जाणत्यांनी पुढे लिहून ठेविले आहे.

१९२१ च्या नोव्हेंबरात ह्या विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणेची परिषद भरली. अध्यक्ष म्हणून पुण्याहून अण्णासाहेब कर्वे आले होते. ह्याहून योग्य अध्यक्ष मिळणे कठीण. विधवेशी विवाह केला म्हणून १८९३ साली ज्यांच्यावर मुरूड गावाने बहिष्कार टाकला, आणि ज्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढिले, ते कर्वे. परिषदेत इंग्रजीतून, उर्दूतून, मराठीतून भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक तेलुगू वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले.

सभेत बहुसंख्य मराठी मंडळी होती. तिने ते भाषण चालू दिले नाही. हशा झाला, टाळ्या वाजविण्यात आल्या, गोंगाट झाला. ही माणसे गुंड नव्हती. ते सुधारक होते; अस्पृश्यतानिवारण, स्त्रीशिक्षण, बालविवाहबंदी हे ठराव मनापासून उचलून धरणारे, सुशिक्षित, सभ्य लोक होते. आपण ज्या राज्यात राहतो त्यातील निम्म्या लोकांची भाषा सभेत उच्चारली गेली एवढ्यावरून त्यांस हसू का आले? मी ह्याचा पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, त्यांस तेलुगू हास्यास्पद वाटत होती असे नव्हे, तर सभा आणि तेलुगू ह्यांचा संयोग हास्यास्पद वाटला. बाजारात, स्वयंपाकघरात, गाडीवानाशी जी बोलावयाची ती भाषा व्यासपीठावर आली, जणू घरातील गड्याने पाहुण्यांच्या पंगतीत पाट मांडला. हे हसू अपमान करण्यासाठी निघालेले नसते. दुसऱ्याची जागा आपण मनात कोठे ठरवून ठेविली आहे ते ह्या हसण्यातून आपोआप बाहेर पडते. म्हणूनच ते ज्याच्या वाट्यास येते त्याच्या जिव्हारी लागते.

त्याच रात्री तेलुगू मंडळींपैकी दहाबारा जण टेकुमाल रंगराव ह्यांच्या घरी जमले. तेथे ‘आंध्र जनसंघ’ स्थापन झाला. कोंडा वेंकट रंगारेड्डी, माडपाटी हनुमंतराव, बुर्गुला रामकृष्णराव ही त्याच्याशी निगडित असलेली नावे पुढे साऱ्या संस्थानास परिचित झाली. ह्यांतील बुर्गुला रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले होते. म्हणजे ज्या भाषेत त्यांच्या स्नेह्यास हसण्यात आले ती भाषा त्यांस परकी नव्हती. पुढे १९५२ साली ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले.

जनसंघाने काय केले? त्याने निषेधसभा भरविल्या नाहीत. त्याने वाचनालये काढिली, गावोगाव शाखा काढिल्या, जुन्या शिलालेखांचा व पोथ्यांचा शोध चालविला, वेठबिगारीविरुद्ध पत्रके काढिली. १९३० साली मेदक जिल्ह्यातील जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी ह्यांच्या अध्यक्षतेखाली निजामराज्यातील आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच प्रतापरेड्डींनी, तेलंगणात कवी नाहीतच असा शेरा कोणी मारला तेव्हा, वादविवादात न पडता तेलंगणातील ३५४ कवींच्या रचना गोळा करून ‘गोलकोंडा कवुल संचिका’ हा संग्रह १९३४ साली छापला. शेऱ्यास असे उत्तर देणारा संपादक मला फार थोर वाटतो. नामदेवांच्या कथेत देऊळ फिरले ते एका क्षणात. इथे त्यास दहापंधरा वर्षे लागली, पण फिरले खरे.

तथापि इतिहास लिहिताना हात आखडता घ्यावयास हवा. विवेकवर्धिनीत हशा झाला नसता तर आंध्र चळवळ झालीच नसती असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम हे ग्रंथालय १९०१ पासून होते. विज्ञानचंद्रिका मंडळी १९०६ पासून ग्रंथ काढीत होती. मद्रास इलाख्यात बापटल्यास १९१३ साली आंध्र महासभा भरलेली होती. लाकूड वाळलेले होतेच. परंतु ठिणगी कोठून पडली हा प्रश्न त्यामुळे निरर्थक होत नाही, कारण ती ठिणगी सरकारी जुलमातून किंवा उर्दूच्या अंमलातून पडली नाही. शेजाऱ्याच्या हसण्यातून पडली. आणि ज्यांच्यावर ती पडली त्यांचेही हात अगदी निर्मळ राहिले असे नव्हे. जोगीपेठच्या त्याच पहिल्या अधिवेशनात अस्पृश्यांचे पुढारी भाग्यरेड्डी वर्मा ह्यांच्या सहभागास सनातनी मंडळींनी विरोध केला. नऊ वर्षांपूर्वी स्वतः खाली बसविले गेलेल्यांच्या सभेत तिसऱ्यास खाली बसविण्याचा प्रयत्न झाला.

आता आमच्या मराठवाड्याकडे वळतो. आम्हीही गाऱ्हाणी सांगणारेच होतो. सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी, असा निर्बंध घालणारी ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ १९२९ च्या सुमारास निघाली, आणि तिचा आकडा आमच्याकडील वृद्धांच्या तोंडी कालपरवापर्यंत शिवीसारखा होता. आमच्या मुलांस उर्दूतून शिकावे लागते ह्याचे दुःख आम्ही वेशीवर टांगले, आणि ते योग्यच केले. १९३१ साली हैदराबादेस डॉक्टर केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्यसंमेलन भरले, तेव्हा आपली भाषा राजधानीत मानाने बोलली गेली ह्याचा केवढा अभिमान आम्हांस वाटला असेल! तो अभिमान रास्त होता. पण दहाच वर्षांपूर्वी त्याच शहरात दुसऱ्या भाषेची आपण काय वाट लावली होती, ह्याची आठवण त्या आनंदात किती जणांस झाली असेल? पुढे १९३७ मध्ये परतूरास महाराष्ट्र परिषद भरली. आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तिन्ही परिषदांची माणसे निजामाविरुद्धच्या लढ्यात खांद्यास खांदा लावून उभी राहिली, एकत्र तुरुंगात गेली, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. तुरुंगात एकमेकांच्या भाषा शिकावयास सवड मिळाली असावी. सभेत जे जमले नाही ते कोठडीत जमते.

आणि मग १९५६ साली हैदराबाद राज्याचे भाषावार तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि आमच्यावर हसण्याची पाळी दुसऱ्यांची आली. मी शिकावयास पुण्यास गेलो तेव्हाची गोष्ट. एका वादसभेत, उशीर का झाला म्हणून विचारले असता, ‘येऊलालो होतो, पण बस चुकली’ असे मी बोलून गेलो. पुढली तीन वर्षे ‘येऊलालो’ हेच माझे नाव पडले. त्या सभेत मी पुन्हा म्हणून बोललो नाही. आज मला प्रमाण मराठी इतकी सफाईने येते की डोंगरकड्यास गेल्यावर लोक मलाच हसतात. हा सारा अनुभव गाठीशी असता, त्या दिवशी दुपारी एक लमाणी पोर आपल्या आजीची वाक्ये म्हणू लागले तेव्हा मला हसू यावे! मराठी श्रोत्यांनी विवेकवर्धिनीत जे केले त्याचे कोडे मला ह्या लज्जास्पद अनुभवाने थोडेसे उलगडले. हसले गेलेला माणूस हसावयाचे विसरत नाही; उलट आपण आता हसणाऱ्यांच्या रांगेत आलो, ह्याची खूण म्हणून तो अधिकच मोठ्याने हसतो.

अगदी अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर २०१९ च्या जानेवारीतील यवतमाळच्या संमेलनाचे देता येईल. उद्घाटनास नयनतारा सहगल ह्यांस बोलाविण्यात आले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेस मराठी संमेलनात का बोलाविता, अशी ओरड होऊन गोंधळाच्या धमक्या आल्या, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. ज्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मूळ मराठी घराण्यातले व राजतरंगिणीचे भाषांतरकार, त्यांच्याविषयी हे झाले. अनेक निमंत्रित लेखकांनी ह्यामुळे संमेलनास जाण्याचे नाकारिले. उद्घाटन झाले ते आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे ह्यांच्या हस्ते, आणि त्या नाट्यापेक्षा त्यांचे साधे बोलणेच लोकांच्या लक्षात राहिले. अध्यक्षा अरुणा ढेरे ह्यांनी आपल्या भाषणात निमंत्रण मागे घेण्याच्या कृत्याविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. सभेच्या चुकीविषयी अध्यक्षाने त्याच सभेत, त्याच व्यासपीठावरून बोलणे, हे मला एखाद्या नियमावलीपेक्षा मोलाचे वाटते. आमच्या चर्चासत्रातही ‘आता मराठीत येऊ द्या’ ह्याऐवजी ‘थोडे थांबा, ही वाक्ये पुन्हा एकदा सावकाश म्हणा’ एवढे शब्द अध्यक्षांच्या तोंडून निघते, तर ती बैठक निराळी झाली असती. ते शब्द माझ्याही तोंडून निघू शकले असते. प्रेक्षकांत बसणाऱ्यास बोलण्याची बंदी नव्हती.

त्या तरुणाचा पत्ता काढणे कठीण गेले नाही. तांडा आमच्या गावापासून फार लांब नाही. मी त्यास भेटून, डोंगरकड्यास आमच्या घराच्या ओसरीवर दर महिन्यास आम्ही आठदहा जण जमून काही वाचतो, तेथे आपला निबंध वाचाल काय, असे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, आधी बोलीत वाचू की सरळ मराठीत?’ मी म्हटले, आधी बोलीत, आणि सावकाश. चर्चासत्रात मीही हसलो होतो हेही सांगून टाकले. ‘ठाऊक आहे, सर,’ तो म्हणाला, ‘तुम्ही तिसऱ्या रांगेत होता.’

ठरल्या दिवशी तो आजीस बरोबर घेऊन आला. आजी उंबऱ्याशी बसली. त्याने तीच चारपाच वाक्ये म्हटली. तिसऱ्या वाक्याला आमच्यातील एक वृद्ध शेतकरी एकदम खो खो हसले, आणि त्या तरुणाचा हात कागदासह वर जाऊ लागला. पण त्या गृहस्थांचा जन्म तांड्याला लागून असलेल्या शेतात गेला होता, त्यांस ती बोली चांगली येत होती, आणि ते हसले होते ते आजीच्या विनोदास. आजीही हसू लागली. आम्हां बाकीच्यांस मात्र मराठी अर्थ कळेपर्यंत थांबावे लागले.